विझत्या आरावरचं जेवण आणि दंडाकडेची कोथिंबीर



हायवेनं जाताना आता जागोजागी पाट्या दिसतात. चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, चुलीवरची भाकरी. शहरात त्याच्या जोडीला बार्बेक्यू आलंय. लोखंडी जाळीवर कांदा, मिरची, वांगं, पनीर भाजायचं, सोबत पुदिन्याची चटणी, वर चिरलेली कोथिंबीर, आणि याला उन्हाळ्यातलं हलकं जेवण म्हणायचं. त्यात वाईट काही नाही. पण हे जेवण ज्या घरांतून तिकडं गेलं, त्या आपल्या घरांत मे महिन्यात कोथिंबिरीची जुडी तालुक्याच्या बाजारातून विकत येते. विहीर आपली, रान आपलं, आणि चटणीची पानं विकतची.

हे असं कसं झालं, याचा थोडा मागोवा आज घेतोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आपलं उन्हाळ्यातलं हलकं जेवण कुणी मुद्दाम ठरवून केलेलं नव्हतं. ते दोन उरलेल्या गोष्टींवर उभं होतं. एक, चुलीत उरलेला विस्तव. दोन, सांडलेलं पाणी. विस्तव उरायचा बंद झाला, पाणी सांडायचं बंद झालं, आणि ते जेवण गेलं. चवीचा किंवा आवडीचा प्रश्न नंतरचा आहे.

आधी विस्तवाचं बघू.

आमच्याकडं सीनेच्या काठाला ज्वारीचा मुलूख. उन्हाळ्यात घरातल्या बायका भल्या पहाटे चूल पेटवायच्या, कारण ऊन वर आल्यावर चुलीपुढं बसवत नाही. सकाळच्या भाकरी झाल्या की जाळ संपायचा, पण आर राहायचा. ज्वारीची भाकरी नुसत्या तव्यावर होत नाही. एक बाजू तव्यावर, मग तवा उतरवून भाकरी आराला लावायची, म्हणजे ती टम्म फुगते. म्हणजे आपली रोजची भाकरीच अर्धी निखाऱ्यावर भाजलेली असते. जाळीवर भाजणं नवीन म्हणणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं.

भाकरी झाल्यावर त्या आराला दुसरं काम लावलं जायचं. आरावर वांगं किंवा कांदा. जो भाग निवत आलाय, वर राखेची साय धरलीय, त्या फुफाट्यात कैऱ्या पुरायच्या. आपण आगीतून फुफाट्यात म्हणतो ना, तोच हा फुफाटा. त्याला जाळ नसतो, पण धग बराच वेळ टिकते. कैरी त्यात आतपर्यंत मऊ होते, साल करपते पण गर जळत नाही. उकडलेल्या कैरीत पाणी शिरतं, भाजलेल्या कैरीचा गर घट्ट राहतो आणि त्याला थोडा धुराचा वास येतो. तो गर कुस्करून गूळ, मीठ, जरा जिरं घातलं की पन्हं. वेगळं सरपण लागलं नाही, वेगळा वेळ गेला नाही.

चुलीच्या बाजूचा वैल पण याच हिशोबाचा. मुख्य जाळाची धग बाजूला जाते, त्यावर आमटी किंवा पाणी गरम राहतं. चुलीची रचनाच उरलेली उष्णता वाया जाऊ न देण्याची होती. सरपण गोळा करणं हे बाईचं रोजचं ओझं होतं, त्यामुळे एक काडीसुद्धा फुकट जाळलेली परवडायची नाही. कोकणात याच आरावर सुका बोंबील भाजतात. खानदेशात भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतात, कारण वेचणी संपल्यावर शेतात उरतात त्या काड्याच. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्या भरताच्या चवीत काड्यांचा वाटा निम्मा आहे असं मला वाटतं. आमच्याकडं तुराट्या. त्या भसकन पेटतात आणि लगेच विझतात, आर धरत नाहीत. आर हवा तर बाभूळ नाहीतर गोवरी. जिथं जे पीक, तिथं त्याचं सरपण, आणि तशी भाजण्याची पद्धत.

इथं एक फरक सांगायला पाहिजे. हुरडा, रायगडकडची पोपटी, हे भाजण्याचे सोहळे थंडीतले. तेव्हा शेकोटीची ऊब हवीशी असते आणि माल कोवळा असतो. उन्हाळ्यात दुपारी शेतात विस्तव करायचं कुणी शहाणा माणूस मनात आणत नव्हता. वाऱ्याची वावटळ उठली आणि एक ठिणगी कडब्याच्या गंजीवर गेली की वर्षाचा चारा गेला. म्हणून उन्हाळ्यातलं भाजणं चुलीतच, पहाटे, उरलेल्या आरावर.

आता हे किती जुनं?

आपल्यापासून फार लांब नाही असं एक ठिकाण आहे, बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात. पूर्वीचं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं १२ व्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या जेवणाचा एक मोठा भाग आहे आणि सळईला टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचं वर्णन आहे. त्याला शब्द आहे भडित्रक. म्हणजे आजचं कबाब-बार्बेक्यू म्हणतात ते या मुलखात जवळजवळ ९०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात अशीही नोंद आहे. राजाच्या ताटाचा तपशील तिथं पानोपानी आहे, पण कांडणाऱ्या बाईनं त्या दिवशी काय खाल्लं ते नाही. आपल्या जेवणाचा इतिहास लिहिताना ही अडचण कायम येते. मराठीत छापील पाकपुस्तकं आली, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं. ती घराघरांत गेली. पण फुफाट्यात कैरी किती खोल पुरायची, हे आई लेकीला चुलीपाशीच दाखवते.

हलक्या जेवणाची गोष्ट त्याहून जुनी आहे. चरकसंहितेत ऋतूनुसार काय खावं ते सांगितलंय. ग्रीष्मात गोड, थंड, पातळ असं खावं, साखर घातलेला थंड मंथ प्यावा. मंथ म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ पाण्यात घुसळलेलं. आपलं सातूचं पीठ त्याच कुळातलं. धान्य एकदाच भाजून ठेवायचं, पुढं महिनाभर चूल न पेटवता पाण्यात कालवून खायचं. गावात भडभुंजा असेल तर तेही काम त्याच्या भट्टीवर. ज्वारीच्या पिठाची आंबील, चैत्रातली कैरीची डाळ, ताक-भाकरी, सगळ्यांत हिशोब एकच, की आग कमीत कमी. चरकसंहिता उन्हाळ्यात खारट-आंबट टाळायला सांगते, पण आपली आंबील आंबट आणि पन्ह्यात मीठ. उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच. कुळवामागं चालणाऱ्या माणसानं आपला पथ्यविचार आपणच केला असं मी समजतो.

आणि बार्बेक्यू हा शब्द? तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या बार्बाकोआ या शब्दावरून आला. लाकडाची मांडणी, त्याखाली विस्तव, वर मांस किंवा मासे. स्पॅनिश लोकांनी तो १६ व्या शतकात युरोपात नेला. आपला बटाटा हा शब्द पण त्याच लोकांचा, पोर्तुगीजांकडून आपल्याकडं आला. त्यांच्या भाषेत तो रताळ्याला होता. म्हणजे फुफाट्यात भाजलेलं रताळं हे त्यांचं आणि आपलं दोघांचं खाणं. विस्तवावर भाजणं कुणा एकाच्या मालकीचं नाही, ज्याच्या घरी चूल त्याचं ते.

आता पानांकडं येऊ. भाजलेल्या वस्तूला चव येते ती ओल्या पानांनी. भाजलेला कांदा नुसता गोडसर लागतो. त्यात मीठ, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर ठेचली की भाकरीला दुसरं काही लागत नाही.

कोथिंबीर मूळची भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम आशियाच्या बाजूची. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात धणे सापडलेत, म्हणजे सुमारे ३३०० वर्षांपूर्वीचे. आपल्याकडंही ती फार लवकर आली. पाणिनीच्या व्याकरणात कुस्तुम्बुरु हा शब्द येतो, तोच पुढं प्राकृतातून घासत घासत कोथिंबीर झाला. कन्नडमध्ये कोत्तंबरी, तेलुगूत कोत्तिमीर. दख्खनच्या तिन्ही भाषांनी एकच शब्द धरून ठेवलाय. पुदिना हे नाव फारसी. कढीपत्ता मात्र इथलाच, त्याला कुठून आणावं लागलं नाही.

मिरची सगळ्यांत नवी. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १६ व्या शतकात मिरची या किनाऱ्यावर उतरली. कोकणीत तिला मिरसांग म्हणतात. मराठीनं जुन्या मिऱ्यावरूनच तिला मिरची केलं. त्याआधी तिखटाला मिरं, पिंपळी, आलं. मिरं मलबारातून यायचं, ते विकत घ्यावं लागायचं. मिरची मात्र परसात लावली की येते, सुकवली की वर्षभर टिकते. माझ्या मते गरिबाच्या ताटाला फुकटचं तिखट पहिल्यांदा मिरचीनं दिलं, म्हणून ती इतकी लवकर रुजली. आज खर्डा नसलेलं कोल्हापूर-सोलापूर कुणाला सुचणार नाही, पण शिवाजी महाराजांच्या काळी ही वस्तू या मुलखाला शे-दीडशे वर्षांचीच होती.

ही पानं उन्हाळ्यात जगायची कुठं? हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

विहिरीवर मोट चालायची तेव्हा पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटानं, दंडानं रानात जायचं. मातीचा दंड पाझरतो. थारोळ्याच्या कडंला, दंडाच्या दोन्ही अंगांना कायम ओल. मोटेवरचा माणूस ते पाणी वाया गेलं असं म्हणत नव्हता. तिथं पुदिना पसरलेला असायचा, कोथिंबिरीचा हातभर वाफा, चार मिरच्या, अळू, आपोआप उगवलेली घोळ. बैल विसाव्याला सोडले की तिथूनच मूठभर पानं खुडायची, कांदा बुक्कीनं फोडायचा, जेवण झालं. घरी हेच काम मोरीचं पाणी करायचं. मोरीच्या तोंडाशी केळ, अळू, कढीपत्ता. भांडी राखेनं घासायची, त्यामुळं त्या पाण्यात फार काही वाईट नसायचं.

म्हणजे माळवं विकायला वेगळं असायचं, त्याला वाफे आणि पाळी. ही चटणीची पानं मात्र कुठल्याही पाळीत नव्हती. ती पाझरावर जगत होती.

मग मोट गेली, इंजिन आलं, मग विजेची मोटर. पाण्याचा जोर वाढला, दंड काही वर्षं टिकला. पुढं पाइपलाइन झाली, मग ठिबक. ठिबकचं कामच मुळी पाझर बंद करणं. मी स्वतः ठिबकवर शेती करतो आणि ते काढायचं म्हणत नाही. एवढ्या पाण्यात एवढं रान त्याच्याशिवाय भिजणार नाही. पण पाणी वाचलं त्याचा हिशोब आपण केला, त्या पाझरावर काय जगत होतं त्याचा केला नाही. मोरीचंही तसंच. गटारं झाली, शोषखड्डे झाले, २००० नंतर ग्रामस्वच्छता अभियानात गावं साफ झाली. डास कमी झाले, हे चांगलंच. पण अळूबरोबर कढीपत्ताही गेला.

विस्तवाचंही तेच. घरोघरी गॅस आला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर वाड्या-वस्त्यांवरही सिलिंडर पोचला. चूल परत आणा असं मी म्हणणार नाही. चुलीच्या धुरानं आपल्या आया-आज्यांचे डोळे आणि छाती गेली. 'चुलीवरचं' म्हणून पाटी लावणाऱ्याला त्या धुराची किंमत माहीत नसते. ज्याला चुलीचं कौतुक आहे त्यानं आधी एक महिना सरपण आणून दाखवावं.

पण मग जुनं गेलं म्हणून नुसतं हळहळायचं का? नाही. उरलेल्या गोष्टी वापरायच्या हे सूत्र होतं. आज आपल्याकडं वेगळ्या गोष्टी उरतात, त्या वापरू. मी गेली काही वर्षं जे करतोय ते सांगतो.

पाणी. ठिबकचा सँड फिल्टर बॅकवॉश करतो, लॅटरलची टोकं सोडून धुतो, ते पाणी बांधाला सोडून देतो. तेच पाणी एका वाफ्यात घ्या. ३ फूट रुंद, ६ फूट लांब वाफा एका घराला पुरतो. एक पथ्य पाळायचं. ॲसिड किंवा क्लोरीनची प्रक्रिया केली असेल, किंवा खत सोडलेलं असेल, त्या वेळचं पाणी या वाफ्यात जाऊ द्यायचं नाही. मोरीचं पाणी आता साबण-डिटर्जंटचं असतं, ते कच्च्या खायच्या पानांना अजिबात नको. ते केळीला, नाहीतर शोषखड्ड्याला जाऊ द्या.

सावली. उन्हाळ्यात कोथिंबीर का फसते? माती तापली की उगवण कमी होते, आणि उगवलेली पानं धरायच्या आधी फुलावर येते. म्हणून वाफा शेवग्याच्या नाहीतर आंब्याच्या पूर्वेकडच्या सावलीत, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं टळतं. झाड नसेल तर शेडनेटचा तुकडा.

बी. धणे अख्खे पेरू नका. जमिनीवर पसरून चपलेनं हलके रगडा, एका धण्याचे दोन भाग होतात, दोन्हींत बी असतं. १२ तास भिजवा, सावलीत निथळा, संध्याकाळी पेरा. वर उसाचं पाचट पातळ अंथरा, उगवण दिसली की काढून टाका. सगळा वाफा एकदम पेरू नका, दर १०-१२ दिवसांनी एक पट्टा. साधारण ३५ ते ४० दिवसांत काढणीला येते. एखादा पट्टा फुलावर गेलाच तर राहू द्या, मधमाश्या येतात, आणि हिरवे कोवळे धणे चटणीत चांगले लागतात. पुदिन्याला बी शोधत बसू नका, ओल्या जागी मुळांसकट धुमारे लावा, पण कडंला वीट घाला, नाहीतर तो सगळा वाफा खातो.

जागा. हा वाफा फवारणीच्या पिकापासून लांब ठेवा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला तर मुळीच नको. बाकी भाजी शिजते, ही पानं आपण धुवून सरळ तोंडात घालतो. बाजारातल्या जुडीवर काय मारलंय ते आपल्याला कळत नाही. घरच्या वाफ्यावर काय मारलं नाही, हे पक्कं माहीत असतं. मला विचाराल तर वाफ्याचा खरा फायदा जुडीच्या पैशापेक्षा हा आहे.

विस्तव. आठवड्यातून एकदा साधी पत्र्याची शेगडी, बाभळीचा थोडा कोळसा, उघड्यावर पण आडोशाला, गंजीपासून लांब, सकाळी किंवा दिवस मावळल्यावर वारा पडला की. एकाच आरावर आधी वांगी-कांदे-मिरच्या, मग पापड, शेवटी फुफाट्यात कैऱ्या. दुसऱ्या दिवशीचं पन्हं तयार. रंग दिलेलं किंवा फर्निचरचं लाकूड जाळू नका. निवलेली राख चाळून थोडी थोडी वाफ्यात टाका. तिच्यात पालाश असतं, रानातून आलेलं रानात गेलं.

एवढ्यानं काही उत्पन्न वाढणार नाही. पण भर उन्हाळ्यात घरच्या माणसांच्या पोटात काहीतरी ताजं, हिरवं, विनाफवारणीचं जाईल. आणि पोरांना कळेल की पन्हं बाटलीत उगवत नाही.

कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले जे कुणी हे वाचत असतील त्यांना एक विनंती. ठिबकचा आराखडा काढताना एक व्हॉल्व्ह घरच्या वाफ्याला ठेवायला शेतकऱ्याला सांगा. पाइपचा तुकडा आणि चार नळ्या, त्याला वेगळं अनुदान लागणार नाही.

बाकीच्यांनी आपापल्या भागातलं सांगा. तुमच्याकडं आराला काय म्हणतात, इंगळ की निखारा की आणखी काही? फुफाट्यात काय काय भाजायचे? दंडाकडेला आणखी कुठली पानं असायची? घरात ७०-८० वर्षांची आजी असेल तर तिला विचारून लिहा. मी सगळं एका वहीत उतरवून ठेवतोय.